पुतण्याने काकांना हुकूम कसा द्यावा?

माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. काका रघुनाथराव सुमारे साडेदहा वर्षांनी मोठे. नात्याने वडीलधारे, पदाने हाताखालचे. कादंबरीत या दोघांना समोरासमोर बसवलं की ते काय बोलतील हे सुचतं, कसं बोलतील तिथे लेखणी अडते.

भाषाविज्ञानाची प्रॅग्मॅटिक्स ही शाखा नेमकं हेच तपासते. वाक्य कोणी, कोणाला, कुणादेखत उच्चारलं आणि त्यातून काय साधलं? तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या मते बोलणं हीच एक कृती असते. हुकूम, शपथ, माफी ही कामं शब्दांनीच होतात, पण हुकूम सोडायला अंगी अधिकार लागतो. त्यांचं या विषयावरचं पुस्तक मरणोत्तर, १९६२ मध्ये आलं. माधवरावांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ही त्याच वर्षीची. निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटते.

एक वाक्य मीच रचतो: ‘‘काका, आपण फार दगदग केलीत, आता विश्रांती घ्यावी.’’ १७६२ मध्ये आळेगावला माधवराव हरून काकांच्या स्वाधीन झाले होते. तिथे हे वाक्य म्हणजे फार तर आर्जव. काका हसून उडवून लावतील. १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं गेलं. आता तेच वाक्य शिक्षा आहे. शब्द तसूभर बदललेला नाही. ‘काका’ने नातं राखलं, ‘आपण’ने अदब राखली आणि हुकूम कुठे उच्चारलाच नाही. काकांची पंचाईत अशी, की नाही म्हणायचं तर कशाला? पुतण्याच्या काळजीला?

न उच्चारलेला अर्थ ऐकणारा कसा जुळवतो, याची उकल पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने केली. प्रसंगाला न शोभणारं काही कानावर पडलं, की आपण त्यामागचा हेतू शोधू लागतो. ऐतिहासिक कादंबरीत या कामात वाचकही सामील असतो, कारण धोडप त्याला आधीच ठाऊक असतं. आळेगावचं आर्जव वाचतानाही त्याला पुढची नजरकैद दिसत असते.

पेशवेकालीन पत्रांत ही उतरंड मायन्यातच कळे: वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, वरिष्ठांपुढे ‘विज्ञापना’. एवढा ऐवज हाताशी असून कित्येक कादंबऱ्यांत शिपायापासून सरदारापर्यंत सगळे एकाच सुरात ‘जशी आज्ञा’ म्हणतात. तो नुसता भरजरी पोशाख झाला. कोण कोणाला वचकून आहे, ते त्यातून कळत नाही.