दोन्ही आठ मिलिमीटरच्याच, पण आधी भोकं बघा

‘वुडी वुडपेकर कार्टूनचं जुनं रीळ, ८ एमएम, उत्तम स्थितीत.’ जाहिरातीत एवढंच लिहायचं, खाली खोक्याचे चार फोटो टाकायचे आणि फिल्मचा एकही नाही, ही विक्रेत्यांची खोड जाता जात नाही. ८ एमएम म्हणजे कुठली, स्टँडर्ड ८ की सुपर ८? विचारावं तर उत्तर येतं, “रुंदी तीच आहे हो, काय फरक पडतो?”

सुपर ८ बहुतेकांना ठाऊक असते. कोडॅकने १९६५ मध्ये आणलेली, कॅमेऱ्यात खटकन बसणाऱ्या कार्ट्रिजमधली. स्टँडर्ड ८ तिच्याआधीची, १९३२ ची. १६ एमएमची फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा फिरवायची आणि धुतल्यावर मधोमध चिरायची, अशी ती काटकसरीची सोय होती. त्यामुळे तिच्या कडेची, प्रोजेक्टरने फिल्म ओढण्यासाठीची भोकं मात्र १६ एमएमच्या मापाचीच राहिली. सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

फरक विचारला की लोक चित्राचा आकार सांगतात. सुपर ८ चं चित्र क्षेत्रफळाने साधारण दीडपट मोठं असतं, हे खरंच आहे. पण चित्र मोठं म्हणून कुणाचं रीळ आजवर फाटलेलं नाही. फाटतं ते भोकांपायी.

रिळाच्या सुरुवातीचा कोरा भाग सोडून चित्र असलेला तुकडा खिडकीच्या उजेडात धरा. जवळ साधं भिंग असलं तर उत्तम. भोक आडवं आणि ऐसपैस असेल, दोन चौकटींमधल्या (फ्रेममधल्या) रेघेवर पडलेलं असेल, तर ती स्टँडर्ड ८. भोक बारीक, किंचित उभट आणि प्रत्येक चौकटीच्या ऐन मध्यावर असेल, तर ती सुपर ८. एकदा पाहिलंत की जन्मात चुकणार नाही. मापंच हवी असतील तर स्टँडर्डचं भोक १.८३ बाय १.२७ मिमी, सुपरचं ०.९१ बाय १.१४.

त्याहून घातक आहे ते दोन भोकांमधलं अंतर: स्टँडर्डमध्ये ३.८१ मिमी, सुपरमध्ये ४.२३. म्हणजे जेवढ्या लांबीत स्टँडर्डच्या दहा चौकटी बसतात, तेवढ्यात सुपरच्या नऊच. प्रोजेक्टरचा पंजा दर चौकटीला भोकात शिरून फिल्म खाली ओढतो. स्टँडर्डच्या यंत्रात सुपरची फिल्म घातली की दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीलाच पंजा भोक सोडून कोऱ्या कडेवर आदळायला लागतो. शिवाय तो रुंद भोकासाठी घडवलेला, त्यामुळे भोकात शिरला तरी ते उसवणारच. सेकंदाला १८ चौकटी धरल्या, तरी तुमचा हात बटणापर्यंत जाईतो सात-आठ सेंटिमीटर फिल्मची वाट लागते. गेलेली भोकं पट्टी लावून जोडता येतात, पण त्या जागी चित्र थरथरतं ते थरथरतंच.

‘आमचा प्रोजेक्टर ड्युअल आहे’, म्हणजे दोन्ही फिल्म चालवतो, हे सांगून सुटका होत नाही. यंत्र फिल्म ओळखत नाही, खटका तुम्हालाच फिरवायचा असतो. काही मॉडेलांत तर गेट (चित्रामागची खिडकी) आणि स्प्रॉकेट (फिल्म सरकवणारं दातेरी चाक) हेही हाताने बदलावे लागतात.

फिल्म गुंडाळलेल्या चकतीच्या मधल्या छिद्रावरून ओळखण्याचा सल्ला हमखास मिळतो: लहान छिद्र स्टँडर्डचं, मोठं सुपरचं. नव्याकोऱ्या रिळाला तो लागू पडतो. पन्नास वर्षांत कुणी कुठली फिल्म कुठल्या चकतीवर गुंडाळली, याची हमी कोण देणार? खोक्याचंही तेच. आणि सालावर तर अजिबात जाऊ नका. १९६५ नंतरही कित्येक वर्षं स्टँडर्ड ८ ची कार्टून छापली आणि विकली जात होती.

बाकीचे फरक किरकोळ. मूकपटाचा वेग स्टँडर्डला सेकंदाला १६ आणि सुपरला १८ चौकटी, ध्वनी असेल तर दोन्हीकडे बहुतेक वेळा २४. लालभडक झालेले रंग आणि कुजू लागलेल्या फिल्मचा व्हिनेगरसारखा वास ही दोन्ही घरची दुखणी, त्यांवरून काहीच ओळखता येत नाही. लांबी मात्र विचारून घ्या. घरी बघायच्या फिल्म विकणारी कॅसल फिल्म्स ही कंपनी एकच कार्टून ५० फुटांच्या ‘हेडलाइन’ आणि २०० फुटांच्या ‘कम्प्लीट’ आवृत्तीत विकत असे. स्टँडर्डचे ५० फूट म्हणजे जेमतेम चार मिनिटं, त्यात गोष्टीचं शेपूट तरी उडालेलं असतं नाहीतर डोकं.

माझं विचाराल तर सात मिनिटांचं रंगीत, बोलकं कार्टून सुपर ८ वरच घ्यावं. १४० फुटांत अख्खं बसतं. मूक, कृष्णधवल कार्टून मात्र मी डोळे झाकून स्टँडर्डवर घेतो. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, ते रंगासारखं उडत नाही आणि सुपरच्या नादी लागलेले लोक ही रिळं भंगाराच्या भावात सोडतात. ‘जुनं माप, टाकाऊ’ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणत राहावं, तोवर भाव चढणार नाहीत.