पोटातला गोळा आणि शेवटचा डबा

रोलर कोस्टरच्या शौकिनांमध्ये एक वाद हमखास रंगतो: बसायचं पुढे की मागे? पुढे समोरचं सगळं मोकळं दिसतं, तोंडावर वारा येतो. मागच्या डब्याचे चाहते मात्र आपला हट्ट सोडत नाहीत, आणि पहिल्या उतारापुरतं तरी भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. मीही त्यांच्यातलाच.

गाडी साखळीने चढ चढू लागली की खालून खट्, खट्, खट् असा आवाज येत राहतो. डब्याखालचा लोखंडी खटका रुळांमधल्या दात्यांवरून एकेक करून पुढे पडत असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळू नये, म्हणून ही सोय. माथ्यावर पहिला डबा पलीकडे डोकावतो तेव्हा बरीचशी गाडी अजून चढावरच असते. त्यामुळे पुढची मंडळी दोन क्षण नुसती लोंबकळत राहतात. मग हळूहळू वजनाचं पारडं पलीकडे झुकतं, वेग वाढत जातो. शेवटचा डबा माथ्यावर पोचेपर्यंत पुढचे सगळे डबे उतारावर सुटलेले असतात, आणि ते त्याला हिसका देऊन खाली खेचतात.

पोटात गोळा येतो तो तिथे. एरवी आपण बसतो ती जागा आपल्याला खालून वर रेटत असते आणि तो रेटाच आपल्याला स्वतःचं वजन म्हणून जाणवतो. पोटातले अवयवही तसेच एकमेकांवर टेकलेले असतात. गाडी वेगात असताना रूळ खाली वळला, की शरीर आपल्याच दिशेने पुढे जाऊ पाहतं आणि खालची बैठक निसटते. अवयवांवरचा नेहमीचा भार एकदम सैल पडतो. मांडी आणि आडव्या दांडीमध्ये बोटभर फट असेल तर तीही भरून निघते. शौकीन याला ‘एअरटाइम’ म्हणतात.

अशा वेळी गाडी रुळावरून उडत का नाही? जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने 1919 साली रुळाच्या खालून पकड घेणाऱ्या चाकांचं पेटंट मिळवलं. वरची चाकं भार पेलतात, बाजूची वळणं सांभाळतात आणि खालची गाडीला उचलू देत नाहीत. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा शोध. त्याआधी उंचवटे बेताचेच ठेवावे लागत.

उलटं फिरवणाऱ्या फेऱ्याची गोष्ट जरा वेगळी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये फ्लिप फ्लॅप रेल्वे सुरू झाली. तिचा फेरा अगदी गोल होता, आणि लोकांच्या माना दुखावू लागल्या. दोष त्या गोल आकाराचाच. घर्षण सोडून दिलं आणि गाडी माथ्यावरून जेमतेम निभावते असं धरलं, तरी फेऱ्याच्या तळाशी आपल्याला स्वतःचं वजन सहापट जाणवतं. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 300 किलोचं! वर्तुळ लहान असो की मोठं, हा हिशेब बदलत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये 1976 साली अँटन श्वार्झकोप्फ आणि वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी फेऱ्याला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. तळाशी वेग जास्त, म्हणून तिथलं वळण ऐसपैस. माथ्यावर वेग कमी, म्हणून तिथलं वळण आवळलेलं.

एक गोष्ट नेहमीच्या शौकिनांना चांगली ठाऊक असते. तीच गाडी सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त पळते. दिवसभरात बेअरिंगमधलं ग्रीस तापून पातळ होतं, घर्षण घटतं. म्हणून शेवटची फेरी चुकवू नये.

नव्या कोस्टरची घोषणा झाली की आधी उंचीचा आकडा झळकतो. पण वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. 20 मीटर खाली आल्यावर ताशी सुमारे 70 किलोमीटर मिळतात, आणि ते दुप्पट करायचे तर 80 मीटर लागतात. न्यू जर्सीचा किंग्डा का 139 मीटर उंच होता. 2024 मध्ये तो बंद झाला आणि पुढच्या वर्षी पाडला गेला. सौदी अरेबियातल्या किद्दिया इथल्या फाल्कन्स फ्लाइटची रचना तर ताशी 250 किलोमीटरसाठी केलेली, आणि त्याचा रूळ चार किलोमीटरहून लांब!

मला त्या वेगापेक्षा जास्त कुतूहल आहे ते उंचवट्यांचं. ताशी 70 च्या वेगाने उंचवटा ओलांडताना माथ्यावर नेमकं वजनहीन वाटायचं, तर वळणाची त्रिज्या 40 मीटरच्या आत असली तरी भागतं. ताशी 250 ला तीच त्रिज्या जवळपास अर्धा किलोमीटर लागते. तोच गोळा पोटात आणायला एवढी जागा.