मांडवीचे पाणी मोजण्याआधी हवा वजा करा

ऑगस्ट-सप्टेंबरात ढग जरा फाटले की उपग्रहाला गोव्यातल्या मांडवी नदीचे मुख दिसते. मिरामारपासून आग्वादपर्यंत तांबूस, गढूळ पाणी आणि बाहेर निळा समुद्र. मात्र त्या निळ्या समुद्रावरून उपग्रहाकडे पोचलेल्या प्रकाशात खुद्द पाण्यातून वर आलेला वाटा जेमतेम दहावा असतो. बाकीचा बहुतेक प्रकाश पाण्यात शिरलेलाच नसतो, तो हवेनेच विखरून वर पाठवलेला असतो. म्हणून हवेच्या हिशेबात एक टक्का चुकले, तर पाण्याच्या आकड्यात नऊ टक्के चूक होते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य किती, गाळ किती, हे सगळे त्यानंतरचे.

ही वजाबाकी करायला हवेतल्या प्रकाशाचे प्रारूप संगणकावर उभे करतात. वातावरणाचे साधारण ३० ते ५० थर पाडायचे आणि प्रत्येकाला दाब, तापमान, बाष्प, ओझोन आणि धूलिकण द्यायचे. मग दर थरात किती प्रकाश शोषला जातो, किती विखुरतो आणि विखुरलेला कुठल्या दिशेला जातो, ते काढायचे. हवेच्या रेणूंचा भाग सोपा, कारण त्यांचे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. सूर्य डोक्यावर असताना ४४३ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशापैकी सुमारे ७९ टक्के रेणूंच्या तावडीतून सरळ खाली येतो, ८६५ नॅनोमीटरच्या अवरक्तापैकी ९८ टक्क्यांहून जास्त.

अडचण एकदा विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरतो तिथे येते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४०च्या दशकात दिशांचे मोजके प्रवाह धरून हे समीकरण सोडवण्याची रीत पक्की केली, आणि आजही अनेक प्रारूपे तिच्यावरच चालतात. दुसरी रीत मॉन्टे कार्लो: एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडून त्याचा माग काढायचा. ढगांच्या वेड्यावाकड्या आकारांना ती उत्तम, पण चूक निम्मी करायला फोटॉन चौपट लागतात. सपाट थरांच्या प्रारूपाने मिरामारचा सूर्यास्त मात्र काढायला जाऊ नये. क्षितिजावरच्या सूर्यासाठी त्यात हवेची वाट अनंत लांब निघते. खरी ती डोक्यावरच्या सूर्याच्या सुमारे ३८ पट असते, कारण पृथ्वी गोल आहे.

धूलिकण दिवसागणिक बदलतात: उन्हाळ्यात अरबस्तानची धूळ, वारा सुटला की समुद्राचे मीठ. त्यांचा अंदाज घेण्याची प्रचलित युक्ती सुंदर आहे. ७६५ आणि ८६५ नॅनोमीटरला स्वच्छ पाणी जवळजवळ काळे असते. तेव्हा रेणूंचा वाटा आणि पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश वजा केल्यावर तिथे जे उरते ते धूलिकणांचे. तेच निळ्यापर्यंत ताणून वजा करायचे.

मांडवी-झुवारीच्या मुखाशी पावसाळ्यात हीच युक्ती फसते. गाळाचे पाणी अवरक्तातही चमकते आणि प्रारूपाला ती चमक धूळ वाटते. मग निळ्यात नको तितकी वजाबाकी होते, आणि पाण्याचा परावर्तनांक, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परतलेला वाटा, चक्क ऋण येतो. ऋण आकडा दिसला तर निदान संशय तरी येतो. थोडासाच कमी आलेला आकडा जास्त घातक, कारण हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, म्हणून तो ते भरपूर असल्याचे भासवतो.

उपाय म्हणजे १६०० किंवा २१०० नॅनोमीटरच्या आसपासचे पट्टे वापरणे. तिथे गढूळ पाणीही बहुतांशी काळेच असते. मात्र संकेत इतका क्षीण असतो की शेजारच्या काही चित्रबिंदूंची सरासरी घ्यावी लागते. अरुंद खाडीत ती सरासरी काठापर्यंत जाऊ देऊ नये. माड आणि खारफुटी अवरक्तात, विशेषतः ८६५ला, झगझगीत असतात. त्यांचा प्रकाश हवेत विखरून तसाही पाण्यावरच्या चित्रबिंदूंत मिसळतो. काठालगतचे चित्रबिंदू आधीच गाळून टाकावेत, मग उरलेल्या पाण्याचा आकडा दोनापावलच्या धक्क्यावर त्याच वेळी भरलेल्या बाटलीतल्या गाळाशी ताडून पाहावा.