पाइपच्या दांडीतली मेपलची नळी आली कुठून

तंबाखू ओढायचे जुने पाइप जमवणाऱ्यांमध्ये ब्रिघम या कॅनडातल्या कंपनीचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आतली लाकडी नळी शाबूत आहे का? बाकी पाइपच्या बाबतीत लोक लाकडाची ग्रेन म्हणजे रेषा बघतात, शेप बघतात, कंपनीचा ठसा बघतात, इथे मात्र स्टेम (तोंडात धरायचा तुकडा) ओढून काढायचं आणि आत डोकावायचं. टोरांटोच्या या पाइपमध्ये स्टेमला एक अ‍ॅल्युमिनियमची नळी असते आणि तिच्यात पेन्सिलीपेक्षा बारीक अशी मेपलच्या लाकडाची पोकळ नळी बसवलेली असते, काढता येणारी, धुता येणारी, खराब झाली की फेकून नवी घालता येणारी. नवीन माणसाला वाटतं हे सिगरेटच्या फिल्टरसारखं काहीतरी, तब्येतीसाठी काढलेलं. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणाची सुरुवात तब्येतीपासून नाही तर पाण्यापासून झालीय, आणि ते लक्षात आलं की मग मेपलच का, दुसऱ्या एका कंपनीने बाल्सा हे हलकं लाकूड का घेतलं, मेपलची नळी पोकळ का, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

तर पाणी येतं कुठून. तंबाखू कितीही सुकी वाटली तरी तिच्यात ओल असतेच, त्यात जळण्याच्या क्रियेतूनही पाणी तयार होतं, ते वाफ होऊन धुराबरोबर निघतं आणि पुढे दांडीत, म्हणजे तंबाखू भरायची वाटी (बाउल) आणि स्टेम यांच्यामधल्या भागात, गार जागा मिळाली की तिथे थेंब बनून बसतं. त्यात टार आणि निकोटिन मिसळलं की तपकिरी, कडूजहर रस तयार होतो. मग पाइप गुडगुड करायला लागतो, आणि जरा जोरात झुरका मारला तर तो रस थेट जिभेवर. आणि जो माणूस घाईघाईत ओढतो त्याला गरम वाफेने जीभ पोळते ती वेगळीच. पाइपवाल्यांच्या अर्ध्या तक्रारी या दोनच गोष्टींच्या असतात, पूर्वीही होत्या.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटी मातीचे पाइप आले तेव्हा ही कटकट फारशी नव्हती, कारण माती स्वतःच पाणी शोषून घेते, शिवाय पाइप स्वस्त, तुटला की दुसरा. जर्मन लोकांनी पुढे पोर्सेलिनचे पाइप काढले, दिसायला एकदम देखणे, वर रंगीत चित्रं वगैरे, पण पोर्सेलिन एक थेंबही शोषत नाही! म्हणून त्यांनी बाउलच्या खाली एक वेगळी कुपीच जोडली, रस तिच्यात साठायचा, भरली की काढून ओतून टाकायची. म्हणजे ओल बाजूला काढणारा, सुटा होणारा भाग ही कल्पना लाकडी फिल्टरच्या खूप आधीची आहे.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रायर आलं. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते ते हे लाकूड, कठीण, सहज न जळणारं, आणि थोडंफार पाणी पिणारं. फ्रान्समधल्या सेंट क्लोद गावात याचा मोठा धंदा उभा राहिला. त्याच सुमारास कडक रबराची स्टेम करता यायला लागली आणि आज आपण ज्याला पाइप म्हणतो तो आकार तिथे पक्का झाला. ब्रायरने बराच प्रश्न सोडवला पण पूर्ण नाही, कारण दिवसातून पाचसहा वेळा तोच पाइप भरला तर लाकडाला सुकायला वेळच मिळत नाही.

पहिला गाजलेला उपाय डब्लिनमधून आला. चार्ल्स पीटरसनने १८९० मध्ये आपल्या सिस्टीम पाइपचं पेटंट घेतलं, त्यात दांडीच्या पोटात एक खड्डा ठेवलेला असतो, धूर वरून जातो आणि रस खाली खड्ड्यात पडतो, ओढून झाल्यावर झटकून टाकायचा. सोपं आणि हुशार काम, आजही तसेच पाइप बनतात. लंडनमध्ये अल्फ्रेड डनहिलने वेगळा रस्ता धरला, धुराच्या वाटेत अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी घातली, ती काढून साफ करायची म्हणजे आतलं लाकूड खराब होत नाही. गंमत म्हणजे जुन्या डनहिलमध्ये ती नळी आज क्वचितच सापडते, बहुतेकांनी पहिल्या महिन्यातच काढून फेकली असावी असा माझा अंदाज, कारण धातूवर वाफ उलट जास्तच जमते.

खरी धमाल १९३० च्या दशकात झाली. का कुणास ठाऊक, पण त्या दहा वर्षांत जो तो पाइप कोरडा करायच्या मागे लागला होता. अमेरिकेत केवूडी कंपनीने स्टेमच्या टोकाला धातूचा छोटा गोळा बसवला, मेडिको कंपनीने कागदाचे फिल्टर विकायला काढले. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले एरोनॉटिक्सचे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनी तर अख्खी दांडीच अ‍ॅल्युमिनियमची करून धूर गार करायचा पाइप बनवला (त्या विद्यापीठातल्या विंड टनेललाही त्यांचंच नाव आहे, म्हणजे माणूस साधासुधा नव्हता). जर्मनीत न्यूरेंबर्गच्या फाउएन कंपनीने १९३४ मध्ये डॉक्टर पेर्ल नावाने फिल्टर आणला आणि तिथून पुढे ९ मिलिमीटरचा फिल्टर ही जर्मन बाजारात जवळपास सक्तीची गोष्ट होऊन बसली, आजही तिथे बिनफिल्टरचा पाइप शोधावा लागतो.

आणि याच दशकात, १९३८ मध्ये, कॅनडात ब्रिघमचं पेटंट.

रॉय ब्रिघमने टोरांटोमध्ये १९०६ मध्ये दुकान टाकलं ते मुळात पाइप दुरुस्तीचं. स्वतःचे पाइप नंतर करायला लागला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. पाइप बनवणाऱ्याकडे माणूस येतो तो नवा, चकचकीत पाइप घ्यायला, पण दुरुस्तीवाल्याकडे येतात ते कुजके, चिकट, दांडीला तडा गेलेले, रस मुरून आंबट वास मारणारे पाइप, आणि वर्षानुवर्षं तेच बघितल्यावर आजार कुठे आहे हे त्याला कळणारच. पेटंट आलं तोवर दुकान सुरू होऊन तीस वर्षं उलटली होती. त्याआधी ब्रिघम मंडळींनी बऱ्याच प्रकारची लाकडं, काठ्या करून बघितल्या आणि शेवटी रॉक मेपलवर येऊन थांबले. रॉक मेपल म्हणजे तेच झाड ज्याच्यापासून मेपल सिरप निघतं, कॅनडाच्या त्या भागात भरपूर. लाकूड कठीण, दाट, छिद्रं अगदी बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली. त्यामुळे ते ओल पितं पण फुगून पिचत नाही, बारीक भोक पाडून नळी केली तरी तुटत नाही, आणि स्वतःची चव धुरात सोडत नाही. हे शेवटचं फार मोठं आहे, कारण पाइनसारखं राळवालं लाकूड घातलं असतं तर तंबाखूची चव गेलीच म्हणून समजा.

धूर त्या नळीच्या पोकळीतून सरळ जातो, गाळला वगैरे जात नाही. वाफ भिंतीला लागते, भिंत लाकडाची असल्यामुळे ओल आत मुरते, थेंब होऊन वाहत नाही. म्हणूनच झुरका अडखळत नाही आणि चव जवळपास तशीच राहते. दोन तीन वेळा ओढून झालं की नळी काढायची, ती टोकापासून काळपट तपकिरी होत गेलेली दिसते, कोमट पाण्यात धुवायची, पूर्ण सुकू द्यायची आणि परत घालायची. असं काही वेळा चालतं, मग ती कायमचीच काळी पडते आणि बदलावी लागते. एक गोष्ट मात्र सांभाळायची, पाइप गरम असताना स्टेम काढायचं नाही, लाकूड फुगलेलं असतं, ओढाताण केली तर दांडी चिरते. आणि नळी न घालता ओढायचा प्रयत्न केला तर आतली अ‍ॅल्युमिनियमची जागा रिकामी राहते, धूर तिथे एकदम पसरून गार होतो आणि मूळ पाइपपेक्षा जास्त गुडगुड!

इटलीतल्या साविनेल्लीने हाच प्रश्न दुसऱ्या लाकडाने सोडवला. मिलानमध्ये १८७६ पासूनचं हे नाव. त्यांचं इन्सर्ट, म्हणजे आत घालायची काडी, बाल्साचं, आकाराने तिकोनी आणि भरीव, म्हणजे बरोबर उलटा कारभार, इथे धूर लाकडाच्या आतून नाही तर गोल भोक आणि तिकोनी काडी यांच्यामध्ये जी तीन बाजूंना फट उरते तिच्यातून जातो. बाल्सा इतकं हलकं आणि सच्छिद्र की पाणी झटकन पितं (दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानाच्या सांगाड्यात हेच लाकूड होतं). पण बाल्सा धुवून परत वापरण्यात अर्थ नाही, ते मऊ पडतं, ओढून झालं की टाकून द्यायचं. साविनेल्ली पाइपबरोबर एक छोटी अ‍ॅडाप्टर नळीही देते, ज्याला फिल्टर नको त्याने ती घालावी, रिकामी जागा भरून निघते. हा शहाणपणा मला आवडतो. मेपल आणि बाल्साची तुलना करायची तर मेपल टिकाऊ आणि झुरक्याला मोकळं, बाल्सा जास्त पाणी खेचतं पण रोजचा खर्च. माझा कल मेपलकडे, पण ज्यांना ओली, सुगंधी तंबाखू ओढायची सवय आहे ते बाल्साच्याच बाजूने भांडतात आणि त्यांचं चूक नाही.

तब्येतीचा मुद्दा यात शिरला तो खरं तर सिगरेटमुळे. १९५० च्या सुमारास सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आले आणि सिगरेट कंपन्यांनी फिल्टर म्हणजे सुरक्षा असा प्रचार सुरू केला. १९५२ मध्ये केंट सिगरेटचा जो मायक्रोनाइट फिल्टर आला त्यात चक्क निळा अ‍ॅस्बेस्टॉस होता, १९५६ पर्यंत. म्हणजे वाचवायला घातलेल्या वस्तूनेच मारायची सोय! १९६४ च्या अमेरिकन सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, रिपोर्टमध्ये पाइपचा ओठाच्या कॅन्सरशी संबंध सांगितला होता, पण सिगरेटच्या मानाने पाइप सौम्य असं चित्र त्यातून निघालं आणि बरेच जण सिगरेट सोडून पाइपकडे वळले, तेही सिगरेटसारखा धूर छातीत ओढायची सवय घेऊन. पुढच्या अभ्यासांनी ते चित्र खोडून काढलं, तोंड, घसा, स्वरयंत्र, फुप्फुस, सगळीकडे पाइपचा धोका आहे. लाकडी नळी पाणी पिते आणि पाण्याबरोबर थोडं टार धरते इतकंच, धुरातलं विष ती काढत नाही. मेपलमुळे पाइप सुरक्षित होतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून पाइप घेऊ नका.

आता जमवणाऱ्यांकडे येऊ, कारण हा इतिहास त्यांना पाइपवरच वाचता येतो. जुन्या ब्रिघमच्या दांडीवर पेटंटचा ठसा असतो, कॅनडाचा पेटंट नंबर ३७२९८२. त्या काळी तिथे पेटंट सतरा वर्षं चालायचं, म्हणजे १९३८ ते १९५५, त्यामुळे नंबर दिसला की पाइप साधारण त्या काळातला असं धरतात. स्टेमवर पितळेचे बारीक ठिपके असतात, एकापासून सातापर्यंत, जितके ठिपके तितकी वरची प्रत. आणि तीन आकडी शेप नंबर असेल तर पहिला आकडा सहसा तीच प्रत सांगतो, उरलेले दोन शेप. म्हणजे ३ ने सुरू होणारा नंबर आणि स्टेमवर दोनच ठिपके असतील तर स्टेम दुसऱ्याच कुठल्यातरी पाइपचं असण्याची शक्यता आहे, भाव करताना हे बघून घ्यावं. ठसा पुसट असेल तर लाइट एका बाजूने तिरका पाडून बघायचं, आणि सफाई करताना त्या जागेवर सँडपेपर अजिबात फिरवायचा नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची. आधीच्या मालकाने जुनी मेपल नळी तशीच आत ठेवून पाइप कपाटात टाकलेला असतो, टार वाळून सगळं सिमेंटसारखं घट्ट झालेलं, स्टेमच निघत नाही. अशा वेळी पकड लावून पिळायचा मोह होतो, तो टाळायचा. काही जण पाइप थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात, धातू लाकडापेक्षा जास्त आकसतो आणि पकड सुटते, तरीही नाही निघालं तर बाउलमधून थोडं अल्कोहोल सोडून वाट बघायची. नळी निघाली आणि धातू सडलेला नसेल तर निम्मं काम झालं. ब्रिघमचं उत्पादन पुढे टोरांटोहून इटलीला गेलं, नव्या पाइपमध्ये धातूच्या जागी कृत्रिम साहित्याची नळी आली, पण मेपलची इन्सर्ट अजून बनतात आणि जुन्या पाइपमध्येही बसतात, त्यामुळे पेटंटच्या काळातला पाइप असला तरी तो कपाटातच ठेवावा लागत नाही. आत मूळची नळी सापडलीच तर ती वेगळी काढून ठेवा, ओढायला नवी वापरा.