‘एरर -२’ आणि फर्मवेअरचं भांडण

लिनक्सवर वायफाय चाललं नाही की खापर ड्रायव्हरवर फुटतं. बऱ्याचदा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हजर असतो. लॉग उघडला तर फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम, लोड न झाल्याची ओळ दिसते आणि तिच्या शेवटी ‘एरर -२’ असतं. म्हणजे मागितलेली फाइल डिस्कवर सापडलीच नाही.

नव्वदच्या दशकाअखेरचे विंडोजपुरतेच बनवलेले विनमोडेम किंवा विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवणारं एनडिसरॅपर आता आठवणींपुरतं उरलं. त्या काळी ड्रायव्हरच नसायचा. पुढचा गोंधळ वेगळा आहे आणि तो ‘फर्मवेअर’ या शब्दातच आहे.

पूर्वी हा प्रोग्रॅम कार्डावरच्याच रॉम किंवा फ्लॅश चिपमध्ये असे. तो बंदिस्त असला तरी कुणाला खुपत नसे, कारण तो हार्डवेअरचाच भाग मानला जाई. खर्च वाचवायला उत्पादकांनी फ्लॅश काढून टाकली आणि दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हरनं तोच प्रोग्रॅम कार्डाच्या मेमरीत ओतावा अशी सोय केली. प्रोग्रॅम तसाच बंदिस्त राहिला, फक्त त्याचा मुक्काम हलला. मात्र आता ती वितरणासोबत, म्हणजे लिनक्सच्या तयार संचासोबत, द्यायची फाइल झाली आणि सोर्स कोड नसल्यानं ‘अमुक्त’ ठरली.

डेबियन या लिनक्स वितरणात हे भांडण सर्वांत लांबलं. २००४ मध्ये ‘सामाजिक करार’ या डेबियनच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यातल्या दुरुस्तीनं मुक्ततेची अट प्रोग्रॅमांपलीकडे वितरणातल्या प्रत्येक गोष्टीला लागू झाली. त्यानंतर फर्मवेअरला सवलत द्यायची का, यावर २००६ आणि २००८ मध्येही मतदान झालं. फेब्रुवारी २०११ च्या आवृत्ती ६ मध्ये कर्नलमधून अमुक्त फर्मवेअर पूर्ण काढलं गेलं. तत्त्व जपलं गेलं, पण इन्स्टॉलर फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवर आणून द्या म्हणायचा, आणि ती उतरवायला लागणारं नेट त्याच वायफायवर अडलेलं असायचं. फर्मवेअरसह इन्स्टॉलरची अनधिकृत इमेज (उतरवून घ्यायची फाइल) होती, पण ती ज्याला ठाऊक त्यालाच सापडे.

लॅपटॉपमधून लॅन पोर्ट गायब होऊ लागले, तसा हा पेच आणखी घट्ट झाला. ध्वनिचिपांनाही फर्मवेअर लागू लागलं, त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजावर विसंबलेल्या अंध वापरकर्त्याला इन्स्टॉलर मुकाच मिळू लागला. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्यावर प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याचं आतलं फर्मवेअर, वेळेवर अद्ययावत करणं सुरक्षेचा प्रश्न बनलं. तोही याच ‘अमुक्त’ खणात. विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता: एकदा दार उघडलं की उत्पादकांवर कोड खुला करण्याचा दबाव उरत नाही. पण अकरा वर्षं दार बंद ठेवून किती उत्पादक झुकले, हेही विचारायला हवं होतं.

२०२२ च्या मतदानात फर्मवेअरसह एकच अधिकृत इन्स्टॉलर ठेवण्याचा पर्याय जिंकला. त्यासाठी सामाजिक करार पुन्हा बदलावा लागला, आणि त्याला तीनास एक असं बहुमत लागतं. जून २०२३ मध्ये आवृत्ती १२ आली तेव्हा फर्मवेअरला ‘अमुक्त’ विभागातून काढून स्वतःचा विभाग मिळाला.

त्याच २०२२ च्या मे महिन्यात एका बड्या ग्राफिक्स-चिप कंपनीनं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला आणि टाळ्या मिळवल्या. मात्र पूर्वी ड्रायव्हर करायचा त्यातलं बरंच काम तोवर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरकडे गेलं होतं, आणि त्यावर चालणारं फर्मवेअर बंदिस्तच आहे.

डेबियनमध्ये ज्यांना हे फर्मवेअर नकोच आहे, त्यांना इन्स्टॉलर सुरू करताना ‘फर्मवेअर=नेव्हर’ हा बूट पर्याय इंग्रजीत टाइप करावा लागतो.