गढूळ पाण्यात अल्ट्रासॉनिक मीटरचा सिग्नल का पडतो?

पावसाळ्यात गोदावरीचे पाणी गढूळ झाले की पाइपवर बाहेरून बसवलेला अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, म्हणजे दोन सेन्सरमध्ये पाइपमधून ध्वनी पाठवून प्रवाह मोजणारा मीटर, ‘सिग्नल कमी’ दाखवू लागतो. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) किंवा दिंडोरीकडच्या वायनरीतही हा प्रश्न येतो. अशा वेळी गेन (सिग्नल मोठा करण्याचे सेटिंग) वाढवण्याआधी किंवा मीटर उतरवण्याआधी द्रवात काय तरंगते आहे ते पाहा.

स्वच्छ पाण्यात १ मेगाहर्ट्झचा ध्वनी मीटरभर गेला तरी जेमतेम ०.२ डेसिबल (ध्वनीची घट मोजण्याचे एकक) घटतो. खरा फरक कणांमुळे पडतो. लहरीबरोबर पाणी पुढे-मागे हलते, पण मातीचा कण पाण्याच्या सुमारे अडीच पट जड असल्याने मागे राहतो. या घर्षणात ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. १ मेगाहर्ट्झला यात सर्वाधिक त्रास देते ती एक-दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिकणमाती. जाड वाळू मात्र ध्वनी इकडेतिकडे विखुरते. वाळूचे कण ध्वनीच्या लहरीच्या लांबीपेक्षा बरेच लहान असतील, तर फ्रिक्वेन्सी निम्मी केली की विखुरणे सोळाव्या हिश्श्यावर येते. चिकणमातीत एवढा फायदा मिळत नाही, त्यामुळे गाळ कोणता हे कळल्याशिवाय सेन्सर बदलू नका.

अंतराचा हिशेब नीट समजून घ्या. समजा गाळात दर सेंटिमीटरला २ डेसिबल घट आहे आणि पाइप आतून १५ सेंटिमीटरचा आहे. सेन्सर समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे झेड पद्धतीने, लावले तर ३० डेसिबल जातात आणि सिग्नलची उंची साधारण बत्तिसावा हिस्सा उरते. दोन्ही सेन्सर एकाच बाजूला, व्ही पद्धतीने, लावले की ध्वनी दोनदा पाइप ओलांडतो. मग ६० डेसिबल जातात आणि हजारावा हिस्सा उरतो. म्हणून गढूळ द्रवाला झेडच लावा. सेन्सरमधले अंतर मीटरच्या मेनूतून नव्याने काढा, जुने चालणार नाही. कमी प्रवाहावर अचूकता थोडी घटते, ती किंमत मोजावी लागते.

बुडबुडे हे गाळापेक्षाही वाईट. १ मेगाहर्ट्झला साडेसहा मायक्रॉन व्यासाचा हवेचा बुडबुडा स्वतःच थरथरू लागतो आणि आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त ध्वनी गिळतो. आंबणाऱ्या रसातला कार्बन डायऑक्साइड, एरेशन टाकीतून (पाण्यात हवा सोडणाऱ्या टाकीतून) येणारी हवा, पंपाच्या सक्शनमधली गळती ही नेहमीची कारणे. पारदर्शक बाटलीत नमुना घेऊन लगेच पाहा: बुडबुडे असतील तर द्रव खालून निवळत जातो, गाळ असेल तर वरून. बुडबुडे असतील तर सेन्सर बदलून उपयोग नाही, आधी हवा किंवा वायू येण्याचे कारण दूर करा.

सेन्सर आडव्या पाइपच्या कुशीला, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी बसवा. वर हवा साचते, तळाला गाळ बसतो. रंग आणि गंज खरवडून काढा, ग्रीस भरपूर लावा. सेन्सरच्या आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप हवा. पंप किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह लगेच आधी असेल तर त्याहून जास्त.

सिग्नलच्या घटीवरून गाळाचे प्रमाण सांगणारा मीटर वापरत असाल, तर कॅलिब्रेशन तुमच्याच गाळावर करा. नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून तोला आणि त्याच वेळचे रीडिंग त्यापुढे लिहा. पातळ गाळात प्रमाण दुप्पट झाले की घटही दुप्पट होते. दाट गाळात कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की घट वाढायची थांबते, कधी उलट कमी होते. तेव्हा एकाच रीडिंगचे दोन अर्थ निघू शकतात. द्रवाचे तापमानही नोंदवा. पाणी तापले की चिकटपणा दर अंशाला साधारण दोन टक्के घटतो आणि रीडिंग सरकते.

आमच्याकडे चौकशी करताना पाइपचा बाहेरील व्यास, जाडी, धातू, आतले अस्तर, तापमान आणि ताज्या नमुन्याची एक लिटर बाटली सोबत द्या.