दगड कुठल्या गावचा?

‘सर, मुंबईवर दगड पडणार म्हणे. 2032 ला. बहिणीनं तिकडं फ्लॅट बुक केलाय हो!’

2025 च्या फेब्रुवारीत बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर आमच्या फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्या एका पोरानं मोबाइल माझ्यापुढं धरला. बातमी खोटी नव्हती, फक्त अर्धी होती. 27 डिसेंबर 2024 ला चिलीमधल्या एका दुर्बिणीला साठेक मीटरचा लघुग्रह दिसला, त्याचं नाव 2024 वायआर4. तो 22 डिसेंबर 2032 ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चढत चढत 3.1 टक्क्यांवर गेली. पडलाच तर कुठं पडेल, तो पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र करत दक्षिण आशियापर्यंत येत होता. म्हणून मुंबई. पुढच्या आठवड्याभरात ती शक्यता जवळजवळ शून्य झाली आणि सगळ्यांनी शास्त्रज्ञांना नावं ठेवली.

खरं तर आकडा असाच वागायला हवा. सुरुवातीला लघुग्रहाची वाट नीट माहीत नसते, त्यामुळं 2032 मध्ये तो नेमका कुठं असेल याची पट्टी लांबच लांब असते आणि पृथ्वी त्या पट्टीतला एक बारका ठिपका. निरीक्षणं वाढली की पट्टी आखूड होते. ठिपका तेवढाच राहतो, म्हणून पट्टीतला त्याचा वाटा वाढतो. पट्टी आणखी आखडून ठिपका बाहेर पडला की शक्यता धाडकन खाली. पोराला एवढं पटलं. मग त्यानं खरा प्रश्न विचारला, ‘डायनासोरवर पडला तो असलाच काय?’

त्या दिवशी चहा गार झाला.

असलाच नव्हता. तो सुमारे 10 किलोमीटरचा होता. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर, चिक्शुलुबला, आदळला आणि जवळपास 180 किलोमीटर रुंदीचं विवर करून गेला. दगड स्वतः वाफ झाला. त्याची धूळ जगभर पसरली आणि खडकांत मातीचा एक पातळ थर होऊन बसली. 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बिओच्या त्या थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू नेहमीपेक्षा तीसेक पट सापडल्याचं दाखवलं, तेव्हा हा शोध सुरू झाला. पण तो दगड आला कुठून? सूर्यमालेतल्या कुठल्या गावचा? याचं बरंच ठाम उत्तर ऑगस्ट 2024 मध्ये मिळालं. जर्मनीच्या कोलोन विद्यापीठातले मारिओ फिशर-गोडे आणि सहकाऱ्यांनी ते दिलं. त्यासाठी त्यांनी वापरला रुथेनियम, इरिडियमचाच चुलतभाऊ.

आता रुथेनियमच का, हे कळायला भट्टीपाशी या. मी आमच्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये बसतो, तरी भट्टी बघायला मला अजून आवडतं. लोखंड वितळलं की वर स्लॅग तरंगतो. सिलिका, चुना, अॅल्युमिना हा सगळा हलका ऐवज वर येतो, पोरं तो सळईनं ओढून काढतात, आणि जड लोखंड खाली राहतं. पण गंमत नुसत्या वजनाची नाही. भट्टीत थोडं निकेल टाका. ते स्लॅगमध्ये जात नाही, लोखंडातच विरघळतं, कारण त्याला ऑक्सिजनपेक्षा लोखंडाची संगत प्यारी. मँगनीज मात्र थोडं थोडं स्लॅगकडं पळतं. कोण कुणाबरोबर जाणार हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर ठरतं.

साडेचार अब्ज वर्षांपूर्वी अख्खी पृथ्वी अशीच एक भट्टी होती. लोखंड गाभ्यात उतरलं आणि जाताना निकेल, सोनं, प्लॅटिनम, इरिडियम, रुथेनियम ही लोखंडाची संगत धरणारी मंडळी घेऊन गेलं. आपण उभे आहोत तो त्या भट्टीचा स्लॅग आहे. बेळगाव म्हणा की बेळगावी, खालचा कातळ स्लॅगच! म्हणून भूकवचाच्या एका टनात रुथेनियम एक मिलिग्रॅमसुद्धा जेमतेम असतं, तर कार्बनयुक्त उल्कापाषाणाच्या टनात पाऊण ग्रॅमच्या आसपास. एखाद्या थरात अचानक रुथेनियम वाढलं, तर ते वरून आलं.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं जरा दमानं वाचा, कारण माझा जीव त्यातच अडकलाय.

रुथेनियमचे सात स्थिर भाऊ आहेत: 96, 98, 99, 100, 101, 102 आणि 104. भाऊ म्हणजे समस्थानिकं. प्रोटॉन सगळ्यांत 44, न्यूट्रॉन कमीजास्त, आणि हे आकडे त्या दोघांच्या बेरजेचे. यातला 100 खास. जड अणू ताऱ्यांमध्ये बनतात ते मुख्यतः दोन रीतींनी. म्हाताऱ्या फुगलेल्या ताऱ्यांत अणुकेंद्र एकेक न्यूट्रॉन सावकाश गिळतं, आणि मधल्या वेळात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन पुढचं मूलद्रव्य बनतं. ही संथ रीत. दुसरी झपाट्याची, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारख्या भयंकर घटनांत घडणारी. तिथं केंद्र एका दमात ढीगभर न्यूट्रॉन गिळतं आणि मग एकेकाचा प्रोटॉन करत जिना चढतं. वजन 100 चं तेवढंच राहतं, पण झिर्कोनियम-100 चं नायोबियम-100 होतं, त्याचं मोलिब्डेनम-100 होतं, आणि तिथं जिना संपतो. मोलिब्डेनम-100 जवळजवळ स्थिर असल्यामुळं तो दारातच आडवा पडतो. पुढच्या पायरीवरचं रुथेनियम-100 झपाट्याच्या रीतीनं बनूच शकत नाही. म्हणजे कुठल्याही दगडातल्या रुथेनियममध्ये 100 चा वाटा किती, यावरून त्याला म्हाताऱ्या ताऱ्यांची धूळ किती मिळाली ते कळतं.

आणि सूर्यमाला बनली तेव्हा ती धूळ सगळीकडं सारखी कालवली गेली नव्हती. गुरूच्या पलीकडं, थंडीत बनलेल्या कार्बनयुक्त लघुग्रहांच्या वाट्याला संथ रीतीचा माल कमी आला, अलीकडच्या सिलिकायुक्त लघुग्रहांना जास्त. फरक किती? दहा हजारांत साधारण एक.

आमच्या लॅबचा स्पेक्ट्रोमीटर लोखंडाच्या चकतीवर ठिणगी पाडून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते अर्ध्या मिनिटात सांगतो, पण भावाभावांतला फरक त्याला दिसत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. नमुना प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूत, जाळून अणूंना विद्युतभार द्यायचा आणि त्यांना चुंबकाच्या वळणावरून सोडायचं. हलका अणू जास्त वळतो, जड कमी. खानापुराकडं भात वाऱ्यावर उफणताना दाणा आणि फोलकट वेगळं पडतं ना, तसं. फक्त इथं दाण्यादाण्यात न्यूट्रॉनचा फरक.

कोलोनच्या मंडळींनी त्या मातीच्या थराचे युरोपातल्या ठिकाणांचे नमुने घेतले, ताडून बघायला 3.6 कोटी ते 47 कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या पाच आघातांचे नमुने घेतले. ते पाचही अलीकडच्या सिलिकायुक्त गावचे निघाले. डायनासोरवाला एकटा गुरूपलीकडचा, कार्बनयुक्त. धूमकेतूची शक्यता त्यांना कमी वाटते. आणि डायनासोर संपवल्याचा संशय ज्यांच्यावरही आहे, त्या आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींतून ते रुथेनियम आलेलं नाही, हेही स्पष्ट झालं.

दख्खनचं नाव निघालं म्हणून थांबतो. कारण मथळे आले ‘डायनासोरांचा खुनी सापडला’, आणि ते या शोधातून निघत नाही. दगडाचा पत्ता सापडला, गुन्ह्यातला वाटा नाही. निपाणीची काळी माती, चिकोडी-अथणीच्या विहिरीत सुरुंग लावून फोडतात तो काळा कातळ, हा सगळा त्याच सुमाराला वाहिलेला लाव्हा. आजही तो पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि आपण त्याच्या दक्षिण काठावर राहतो. पूर्वेला गोकाकच्या धबधब्याकडं गेलात की खडक बदलतो, तिथला गारगोटीसारखा वाळूचा दगड डायनासोरांच्याही कितीतरी आधीचा. लाव्हा आघाताआधी किती वाहिला आणि नंतर किती, यावर 2019 मध्ये दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळी उत्तरं दिली. ती भांडणं रुथेनियम सोडवू शकत नाही.

त्या कार्बनवाल्या घराण्यातला एक दगड आता माणसाच्या हातात आहे. 20 ऑक्टोबर 2020 ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाच्या यांत्रिक हातानं बेन्नू या लघुग्रहाला स्पर्श केला आणि हात रवाळ खडीत घुसतच गेला, पृष्ठभाग इतका सैल. 24 सप्टेंबर 2023 ला 121.6 ग्रॅम माल युटाच्या वाळवंटात उतरला. त्यात सजीवांच्या प्रथिनांतल्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे त्यांची अक्षरं, सापडले. यावरून बेन्नूवर जीव होते अशी पोस्ट आली तर पुढं पाठवू नका. विटा सापडल्या, घर नाही.

रुथेनियम आपल्याकडं कामालाही लागलंय. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून मिळणाऱ्या किरणोत्सारी रुथेनियम-106 ची चकती भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवली. डोळ्याच्या कर्करोगात ती काही दिवस डोळ्याला टाचून ठेवतात. याउलट शनीला शांत करायला म्हणून विकली जाणारी काळ्या घोड्याची नाल मी एकदा आमच्या स्पेक्ट्रोमीटरवर लावली होती. साधं माइल्ड स्टील. घोडा गोरा होता की काळा, ते यंत्र सांगत नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर पोरगं म्हणालं, ‘मग आपल्या भट्टीतल्या लोखंडात पण रुथेनियम असंल की?’

असेल, नावापुरतं. आपलं लोखंड खाणीतलं, म्हणजे स्लॅगमधलंच. असला माल लोखंडाबरोबर केव्हाच खाली गेला.

‘किती खाली?’

2,900 किलोमीटर. त्यानं खाली बघितलं, ग्लास ठेवला आणि ओतकामाला गेला.